स्कायलाइनरच्या भरवशावर हॉटेल घ्यावं का? (डिस्ने वर्ल्ड, ऑरलँडो)

मृण्मयी_डॅलस | ११ मे

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरलँडोला जायचं घाटतंय. आई-बाबा सांगलीहून आलेत. बाबा ७४, आई ७०. आईचे गुडघे दुखतात, पण चाकाच्या खुर्चीचं नाव काढलेलं तिला चालत नाही. थोरली नऊ वर्षांची आहे, धाकटा तीनचा आणि अजून बाबागाडीत. नवरा पहिले दोन दिवस कामात, म्हणजे सगळी वरात माझ्या एकटीच्या अंगावर.

डिस्नेच्या चार हॉटेलांना स्कायलाइनरची, म्हणजे दोरावरून हवेत जाणाऱ्या डब्यांची, गोंडोलाची सोय आहे: कॅरिबियन बीच, रिव्हिएरा, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना हवेतून जाता येतं, वेगळं तिकीट नाही. त्याच दर्जाच्या पण फक्त बस असलेल्या हॉटेलांपेक्षा मला मिळालेले दर बरेच जास्त आहेत. प्रश्न असा, की हा पाळणा रोज सकाळ-संध्याकाळ वापरायचं खरंखुरं वाहन आहे, की एकदा बसून फोटो काढायची गंमत? जास्तीचे पैसे त्यासाठी मोजावेत का?

ज्यांनी म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही बरोबर नेली आहेत त्यांनी जरूर लिहा.

अटलांटाकर | ११ मे

मोजावेत. डोळे मिटून.

आम्ही दोनदा राहिलो, एकदा पॉप सेंच्युरीला आणि एकदा कॅरिबियन बीचला. एकच गोष्ट सांगतो, तीन वर्षांच्या मुलासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. बसमध्ये चढताना बाबागाडी घडी करावी लागते. म्हणजे रात्री साडेनऊला झोपलेलं पोर उचलायचं, गाडीखालच्या टोपलीतल्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या, अर्धवट खाल्लेला खाऊ हे सगळं पिशवीत कोंबायचं, गाडी मिटायची आणि एका हातात पोर, दुसऱ्यात गाडी घेऊन पायऱ्या चढायच्या. स्कायलाइनरमध्ये साध्या मापाची बाबागाडी तशीच ढकलत आत जाते. पोराची झोप मोडत नाही. नवरा बरोबर नसेल तर या एका कारणासाठी मी ते हॉटेल घेईन.

पेठेतला | ११ मे

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त 'डोळे मिटून' बसू नका, वरून देखावा छान दिसतो.

रुळावरचा | ११ मे

मी विरोधी पक्षात. डिस्नेने गोंडोला निवडला तो स्वस्तात पडतो म्हणून, चांगला म्हणून नव्हे. त्यांच्याकडे १९७१ पासून मोनोरेल आहे आणि १९८२ मध्ये ती एपकॉटपर्यंत वाढवली. एकूण मार्ग साडेतेवीस किलोमीटरच्या आसपास. बंद डबे, वातानुकूलन, एका गाडीत तीनशेच्या वर माणसं, वर पावसाची फिकीर नाही. ती पुढे हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत नेली असती तर हा प्रश्नच आला नसता. जुलैत फ्लोरिडात, काचेच्या डब्यात, वातानुकूलन नसताना सत्तरीच्या माणसांना बसवायचं? माझ्या आईला मी बसवणार नाही.

नारिंगी | १२ मे

मी ऑरलँडोतच राहते, म्हणून थोडं घरच्या अंगणाबद्दल.

रुळावरचा यांचा उकाड्याचा मुद्दा खरा, पण अर्धा. डब्यात वातानुकूलन नाही हे बरोबर. भिंतीत वर-खाली झडपा आहेत, डबा चालू असतो तोवर त्यातून वारा खेळतो. दुपारी एकलाही मला आत बरं वाटतं. डबा मधेच थांबला की मात्र पाच मिनिटांत घाम येतो. थांबणं तसं नेहमीचंच आहे. कुणाला चढायला वेळ लागला की दोर क्षणभर थांबवतात आणि बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत पुन्हा चालू करतात. आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर जीव टांगणीला लागतो.

खरी अडचण विजेची आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात अटलांटिककडून आणि आखाताकडून असे दोन्ही समुद्रांवरचे वारे दुपारी आत शिरतात आणि नेमके राज्याच्या मधल्या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. गरम दमट हवा वर फेकली जाते आणि ढग बांधले जातात. अमेरिकेत सर्वांत जास्त विजा पडणाऱ्या भागांत हा पट्टा येतो. जून ते सप्टेंबर दुपारी दोन ते सहा ही वेळ तिचीच. वीज जवळ आली किंवा वारा वाढला की स्कायलाइनर बंद होतो. पाऊस नुसता रिमझिम असेल तर चालू राहतो.

तेव्हा सकाळी जाताना गोंडोला आणि दुपारी परतताना तयारी बसची, हे जुलैचं गणित. बंद झाला की त्या मार्गांवर बस सोडतात, अधांतरी कुणी राहत नाही.

आगाऊ_मुंगी | १२ मे

'अधांतरी कुणी राहत नाही', गोंडोलाबद्दल याहून चांगलं आश्वासन नसेल :)

केबलमास्तर | १२ मे

विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. अनेक वर्षं मी रोपवेच्या देखभालीत होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

'वाहन की गंमत' हे ठरवायचं असेल तर आधी यंत्र कसं चालतं ते बघू. स्कायलाइनर डॉपेलमायर या ऑस्ट्रियन कंपनीने बांधला. एक अखंड पोलादी दोर दोन्ही टोकांच्या मोठ्या चाकांभोवती सतत फिरत असतो. प्रत्येक डब्याच्या डोक्यावर स्प्रिंगची पकड असते. स्टेशनात शिरताना पकड उघडते, डबा दोर सोडतो आणि वरच्या रबरी चाकांच्या ओळीवर येतो. ती चाकं त्याला गोगलगाईच्या चालीवर आणतात. माणसं उतरतात, चढतात, दुसरी ओळ डब्याला पुन्हा दोराच्या वेगाला नेते आणि पकड बसते. एरवी माणसांच्या चढ-उतारासाठी दोराला थांबायची गरज पडत नाही.

आता आकडे. दोराचा वेग ताशी ११ मैल, म्हणजे सेकंदाला साधारण पाच मीटर. डबा दहा माणसांचा. समजा दर दहा सेकंदांना एक डबा सुटला, तर तासाला ३६० डबे, म्हणजे एका दिशेने ३,६०० माणसं. साठ माणसांच्या बसने हेच काम करायचं तर तासाला साठ बस हव्यात. मिनिटाला एक. शिवाय प्रत्येक बसला चालक, वळायला जागा आणि सिग्नल. एरवी कुटुंबाला वेगळा डबा देतात, तेव्हा डबे दहा भरत नाहीत. म्हणून ३,६०० चे निम्मे धरा, तरी बस मागे पडते.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि आकड्यांपेक्षा मला ती मोलाची वाटते. बसच्या थांब्यावर माणूस वीस मिनिटं एका जागी उभा असतो. कधी येईल ते ठाऊक नसतं, आली तर जागा मिळेल की नाही तेही नाही. गोंडोलाची रांग कितीही लांब असो, ती सरकत असते. दिवसभर चालून पाय भरून आलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक लगेच कळतो.

ठाणेकर_काका | १२ मे

मास्तर, मग रायगडच्या रोपवेला एवढा खोळंबा का होतो? तिथेही दोर आणि डबेच की. सुट्टीच्या दिवशी आम्ही अडीच तास बसून होतो. अर्थात, पायऱ्या चढायला लागल्या असत्या तर आमची ही वरपर्यंत आलीच नसती, त्यामुळे तक्रार नाही. तिने मेघडंबरीसमोर हात जोडले आणि खाली येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

केबलमास्तर | १२ मे

काका, फार चांगला प्रश्न. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतो, पण त्याची जात वेगळी. तो झुल्यासारखा आहे. एका बाजूचे डबे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. दोन्ही पोचले की दोर थांबतो, माणसं बदलतात आणि उलट दिशेने पुन्हा सुरू. विहिरीवर एकाच दोराला दोन पोहरे बांधावेत तसं. म्हणजे एका फेरीत नेमकी तेवढीच माणसं, आणि मार्ग जितका लांब तितक्या तासाला फेऱ्या कमी. चढ उभा आणि अंतर कमी असेल तिथे ही रचना योग्यच आहे. स्कायलाइनरसारख्या फिरत्या दोरात मार्ग लांबला तर डबे वाढवायचे, तासाची क्षमता तीच राहते. म्हणूनच एपकॉटसारख्या लांब मार्गाला तो परवडतो.

अवांतर: तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी तरी असे रोपवे हवेतच.

घाटमाथा | १३ मे

मी मात्र घाबरते, आणि ते सांगायला मला संकोच नाही. एका देवस्थानाच्या रोपवेत सासूबाईंबरोबर चाळीस मिनिटं अडकले होते. खाली दरी, सूचना सांगणारं कुणी नाही, भोंगाही नाही. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मी त्यांचा हात धरून बसले होते. त्यानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये झारखंडातल्या देवघरजवळ त्रिकूटच्या रोपवेत माणसं दीड दिवसाच्या वर अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टर लागली आणि तिघांचे जीव गेले. ती दृश्यं मला विसरता येत नाहीत. फ्लोरिडातही सुरुवातीलाच काहीतरी झालं होतं ना?

अटलांटाकर | १३ मे

झालं होतं. २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला आणि ५ ऑक्टोबरला संध्याकाळी एपकॉटच्या मार्गावर बिघाड झाला. लोक तीन तासांच्या वर डब्यांत अडकले, अग्निशामक दल आलं. मग आठवडाभर बंद ठेवून १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केला. आम्ही नेमके त्या डिसेंबरात गेलो होतो, बायको पहिल्या दिवशी बसनेच गेली. दुसऱ्या दिवशी लेकाने हट्ट धरला, आणि परत येताना बायकोच म्हणाली की आणखी एक फेरी मारू.

केबलमास्तर | १३ मे

घाटमाथा, भीती रास्त आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. तुमच्या अनुभवातली सगळ्यात वाईट गोष्ट अडकणं नव्हती. कुणी बोललं नाही, ती होती. डब्यात आवाज पोचवायची सोय आणि खाली उत्तर द्यायला माणूस, हे सुरक्षेचंच अंग आहे. स्कायलाइनरच्या डब्यात सूचना ऐकू येतात.

दुसरी गोष्ट भूगोलाची. डोंगरातल्या रोपवेखाली दरी असते, तिथे शिडी पोचत नाही. फ्लोरिडा तव्यासारखा सपाट आहे. डब्याखाली रस्ता, तळं, झाडं. मार्गाच्या बऱ्याच भागाखाली अग्निशामक दलाची गाडी उभी राहू शकते. शिवाय अशा यंत्रणांत मुख्य मोटर गेली तरी डबे सावकाश स्टेशनात आणायला वेगळं इंजिन ठेवलेलं असतं. दोरच अडकला तर मात्र माणसं जागेवरच उतरवावी लागतात.

आणि एक हिशेब, नारिंगी यांच्या विजेबद्दल. एपकॉटचा मार्ग साधारण पंधरा मिनिटांचा. शेवटचा डबा सुटल्यावर अख्खा मार्ग रिकामा व्हायला तेवढी पंधरा मिनिटं लागणारच. वीज डोक्यावर आल्यावर बंद करून भागत नाही, ती मैलोगणती दूर असतानाच करावं लागतं. खाली लख्ख ऊन असताना गोंडोला बंद दिसला तर चिडू नये. कुणीतरी आपलं काम चोख करत असतं.

घाटमाथा | १३ मे

धन्यवाद मास्तर. हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

रुळावरचा | १४ मे

मास्तरांचे आकडे मान्य, पण हे सगळं चांगल्या हवेतलं. जे वाहन हवा बिघडली की बंद पडतं त्याला सार्वजनिक वाहतूक कसं म्हणायचं? मुंबईची लोकल पावसात थांबली की आपण तिला नावं ठेवतो. इथे नियमच आहे थांबायचा.

दुसरं, डिस्नेचं जुनं दप्तरही बघा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५६ पासून 'स्कायवे' होता, पुढे मॅटरहॉर्नच्या खोट्या डोंगराच्या पोटातून जायचा. १९९४ मध्ये बंद. फ्लोरिडातला १९९९ मध्ये बंद. इतकं व्यवहार्य होतं तर काढून का टाकलं?

हार्बरपार | १४ मे

हाँगकाँगहून लिहितोय. रुळावरचा यांच्या दोन्ही प्रश्नांना माझ्या शहरात एक उत्तर उभं आहे.

ओशन पार्क नावाचं उद्यान इथे १९७७ मध्ये सुरू झालं. त्याचे दोन भाग आहेत, एक खाली पाण्याजवळ आणि एक डोंगरमाथ्यावर. मधे डोंगर. पहिल्या दिवसापासून या दोन भागांना जोडणारी केबल कार आहे, दीड किलोमीटरची, चेंडूसारखे गोल छोटे डबे, एकात सहा माणसं. एका बाजूला दक्षिण चीन समुद्र. तिथे ती शोभेची नाही. ती बंद झाली की उद्यानाचे दोन तुकडे पडतात. वादळी वाऱ्यात बंद ठेवावीच लागते, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सगळी गर्दी एकदम खाली यायला निघाली की रांग डोंगरभर.

यावर त्यांनी केबल कार काढली नाही. २००९ मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा काढून दोराने ओढली जाणारी आगगाडी सुरू केली, 'ओशन एक्सप्रेस'. आत पाणबुडीत बसल्यासारखी सजावट. पाऊस-वारा काही असो, ती चालते. आता ज्यांना देखावा हवा ते दोरावरून जातात, ज्यांना घाई आहे ते बोगद्यातून. माझी मुलगी जाताना केबल कारने आणि येताना हमखास गाडीने येते, कारण तोवर ती झोपलेली असते.

माझं मत यावरून झालेलं आहे. पार्कात गोंडोला उत्तम चालतो, फक्त त्याला जोडीदार लागतो. फ्लोरिडात तो जोडीदार बस आहे. लोकलला मुंबईत बरोबरीचा जोडीदार नाही, म्हणून ती थांबली की शहर थांबतं. तुलना करायची तर ती इथे करावी.

केबलमास्तर | १४ मे

हार्बरपार, सुरेख प्रतिसाद.

रुळावरचा, स्कायवेबद्दल एवढंच: त्यात सुरुवातीला दोन माणसांच्या बादल्या होत्या, नंतर चौघांचे डबे. पार्काच्या आतल्या आत एका भागातून दुसऱ्यात न्यायचा. चाकाची खुर्ची त्यात नेता येत नसे. तो खरोखरच पाळणा होता. स्कायलाइनरचा डबा दहा जणांचा, खुर्ची थेट आत जाते, आणि मुख्य स्टेशनांत खुर्चीवाल्यांसाठी वेगळा फाटा आहे, तिथे डबा पूर्ण थांबतो. नाव आकाशाचं असलं तरी ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

आणि शहरांचं म्हणाल तर कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ पासून मेट्रोला जोडलेला गोंडोला आहे. बोलिव्हियात ला पाझ आणि एल आल्तो ही दोन शहरं २०१४ पासून गोंडोलाने जोडली गेली, आता तिथे दहा मार्ग आहेत. माणसं त्यातून कामावर जातात. आपल्याकडे वाराणसीत कँट स्टेशन ते गोदौलिया अशा रोपवेची पायाभरणी २०२३ मध्ये झाली.

रुळावरचा | १४ मे

ला पाझचं माहीत नव्हतं. वाचतो. मोनोरेलवरचं प्रेम कायम आहे, पण 'जोडीदार लागतो' हे पटलं.

सीमोल्लंघन | १५ मे

हा धागा वाचताना एस्सेलवर्ल्डची बोट आठवली! ८९ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही शाळेत. मालाडहून मार्वे, तिथून बोट. वडील तिकिटाच्या रांगेत, आई डबे सांभाळतेय, आणि आम्ही बोटीच्या कडेला वाकून खाडीतलं पाणी बघतोय. पार्क अजून दिसतही नव्हतं आणि सहल सुरू झालेली होती. पुढे मोठमोठे पाळणे झाले, पण परत आल्यावर निबंधात मी बोटीबद्दलच दोन पानं लिहिली होती.

वाहन की गंमत असा प्रश्न मृण्मयीने विचारलाय. पार्काला जाणारं वाहन दोन्ही असायला काय हरकत आहे?

आगाऊ_मुंगी | १५ मे

बोटीला प्रचंड अनुमोदन. आमच्या भावाने पहिल्या फेरीत टोपी पाण्यात घालवली आणि दिवसभर टोपीसाठीच रडला. त्याला आजही राइड्स आठवत नाहीत, टोपी आठवते.

ठाणेकर_काका | १५ मे

आम्ही गोराईहून गेलो होतो. डब्यात पुरी-भाजी. बोटीतच संपली.

मृण्मयी_डॅलस | १६ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मास्तरांचे प्रतिसाद वाचून दाखवले. 'चालू डब्यात चढायचं' इथेच ती अडली. डबा किती हळू असतो? आणि चारांपैकी कुठलं हॉटेल?

नारिंगी | १६ मे

डबा माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही हळू असतो, जमीन आणि डब्याचा तळ एका पातळीत, पायरी नाही. तरीही आईंना नको असेल तर स्टेशनवरच्या माणसाला आधीच सांग. संकोच करू नकोस. खुर्ची नसली तरी चालायला त्रास असलेल्यांना ते मदत करतात.

हॉटेलचं सांगते. तीन मार्ग कॅरिबियन बीचला एकत्र येतात. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनला मिळून तळ्याच्या काठी एक स्टेशन आहे, पण तिथून कुठल्याही पार्काला जायचं तर कॅरिबियन बीचला उतरून डबा बदलावा लागतो. दुखऱ्या गुडघ्यांना तेवढं चालणं-चढणं जास्तीचं. रिव्हिएरा एपकॉटच्याच मार्गावर आहे, म्हणून एपकॉट थेट, हॉलिवूड स्टुडिओजला बदल. कॅरिबियन बीचहून दोन्ही पार्क थेट, हॉलिवूड स्टुडिओजला तर पाचेक मिनिटं.

पण कॅरिबियन बीच अवाढव्य पसरलंय. खोली लांब मिळाली तर स्टेशनपर्यंतच दमछाक. 'जमैका' नावाच्या भागातल्या इमारती स्टेशनला सर्वांत जवळ. खोली घेताना तिथलीच माग.

आणि मॅजिक किंग्डम व अ‍ॅनिमल किंग्डमला गोंडोला जात नाही. तिथे बसच. चार दिवसांपैकी दोन दिवस बस धरूनच चाल.

अटलांटाकर | १६ मे

नारिंगी यांनी सगळं सांगितलं. एकच भर: एपकॉटला गोंडोला मागच्या दाराने नेतो, ब्रिटन आणि फ्रान्सच्या दालनांच्या मधे. बाबांना तिथून आत शिरायला आवडेल. आणि डब्यात बसायच्या आधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. सगळ्यांना म्हणजे 'मला नाही लागली' म्हणणाऱ्यांनाही.

मृण्मयी_डॅलस | १६ मे

जमैका! लगेच बघते.

मृण्मयी_डॅलस | २४ जुलै

परत आले मंडळी. विचारून गायब होणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

खोली जमैकातच मिळाली. स्टेशन आईच्या चालीने सहा-सात मिनिटं. पहिल्या सकाळी हॉलिवूड स्टुडिओजला निघालो. स्टेशनवरच्या मुलीला सांगितलं तसं तिने आम्हाला वेगळ्या फाट्याकडे नेलं, डबा थांबलेला, आई आरामात चढली. दाट झाडीवरून डबा वर गेला आणि आई एकदम म्हणाली, "अगं, किती शांत आहे हे." मला तोवर ते जाणवलंच नव्हतं. इंजिनाचा आवाज नाही, खड्डा नाही, ब्रेकचा धक्का नाही. खांबावरून जाताना तेवढी खडखड. ज्या आईला गाडीत बसलं की मळमळतं तिला इथे काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून चालत्या डब्यात चढली, बाबांचा हात धरून.

बाबागाडीचं अटलांटाकर यांनी लिहिलं होतं तसंच. एपकॉटहून रात्री आतषबाजी संपल्यावर आलो तेव्हा रांग पार पुलापर्यंत होती. माझ्या पोटात गोळा आला. पण रांग थांबलीच नाही! धाकटा गाडीत झोपलेला, मी गाडी ढकलत राहिले, साधारण वीस मिनिटांत डब्यात. मॅजिक किंग्डमहून बसने आलो त्या रात्री मात्र गाडी घडी करताना तो उठला आणि हॉटेलपर्यंत भोकाड पसरलं. नवरा तेव्हा आलेला होता म्हणून निभावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला गोंडोला बंद. वर निळं आभाळ, दक्षिणेकडे फक्त काळी कड. लोक कुरकुरत होते. बाबांनी शेजारच्या कुटुंबाला आपल्या इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं: पंधरा मिनिटांचा मार्ग, आधी रिकामा करावा लागतो, म्हणून वीज दूर असतानाच थांबवतात. केबलमास्तर, तुमचा हिशेब! आम्ही अर्धा तास आत वारा खात बसलो, मग बसने आलो. बसमध्ये बसतो न बसतो तोच पाऊस कोसळला.

उकाडा: एकदा डबा पाच-सहा मिनिटं थांबला तेव्हा खरंच जीव कासावीस झाला. नारिंगी यांनी बजावलं होतं म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि हातपंखा जवळ होता. दुपारी एक ते चारच्या दरम्यान म्हाताऱ्या माणसांना घेऊन एपकॉटचा लांब मार्ग मी टाळेन. त्या बाबतीत रुळावरचा बरोबर होते.

पैशांचं विचाराल तर मी पुन्हा मोजेन. निम्मे दिवस बसनेच गेलो, तरीही.

केबलमास्तर | २४ जुलै

बाबांना माझा नमस्कार सांगा. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे कुणी प्रवाशाने दुसऱ्या प्रवाशाला समजावून सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

रुळावरचा | २४ जुलै

छान वृत्तांत. आई आपणहून चढल्या ते वाचून फार बरं वाटलं. माझी आई ७८ ची आहे. विचार करतोय.

घाटमाथा | २५ जुलै

मीही. सासूबाईंना विचारलं, "रामरक्षा म्हणत बसू, पण जाऊ" म्हणाल्या. आम्हाला मुलांच्या शाळेमुळे जानेवारीतच जमेल, तेव्हा विजा नसतील ना?

नारिंगी | २५ जुलै

विजांचा त्रास जानेवारीत फारसा नाही, हवाही छान असते. पण अलीकडे वार्षिक देखभालीसाठी स्कायलाइनर जानेवारीतच काही दिवस पूर्ण बंद ठेवतात. तारखा आधी जाहीर होतात. त्या बघितल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.